दोन कानांचा पेला

"फ्लोराबाय, साबण त्या मिखालला दे. माझे हात चौऱ्याऐंशी वर्षं पाण्यानेच धुतलेत," येहेझकेलकाका म्हणाले.

"साबण आधी, पेला मग. नाहीतर पाव नाही," मी म्हटलं. कुरकुरत त्यांनी हात पुढे केले. रोजचंच होतं.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात डिमोनाच्या आमच्या वृद्धाश्रमात उलट्या-जुलाबाची साथ आली होती. मिखाल नर्स, आपल्यातलीच, मराठी ज्यू घरातली पोर, पण बोलणार हिब्रूत. तिने बजावलं होतं, साबण लावल्याशिवाय कोणी जेवायला बसलं तर जबाबदारी फ्लोराची. साबणाने माझ्याच हातांना भेगा पडलेल्या. लिंबू कापायची सोय नव्हती.

काका अलिबागकडचे, धर्माचे पक्के. पावाआधी दोन कानांच्या पेल्याने हातांवर पाणी घ्यायचं, बाराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची प्रार्थना, म्हणायची आणि पावाचा घास तोंडात जाईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

त्या गुरुवारी माझ्याबरोबर कामाला असलेल्या दोघी बायका आजारी, अठरा जणांना मी एकटी. काकांच्या शेजारच्या खाटेवरचा मोझेस ओकला. काकांनीच त्याचं कपाळ धरलं. मी चादरी टाकून येते, तो काकांचा पेला झालेला, बाराखाही झालेली.

"काका, साबण!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिस्कील.

आता उठवायचं म्हणजे पुन्हा साबण, पुन्हा पेला, पुन्हा बाराखा, वर अर्धा तास हुज्जत. पाय भरून आले होते. म्हटलं, जाऊ दे बाई, पाणी तर घेतलंय. आणि पावाचं ताट मीच पुढे ठेवलं.

त्यांनी पाव मिठाला लावून खाल्ला. "बघ, मेलो का?"

"तुम्ही कसले मरता! मलाच पोचवून जाल."

शनिवारी त्यांना उलट्या सुरू झाल्या. मंगळवारी बेरशेव्याच्या इस्पितळात वारले.

मिखालने विचारलं, "साबण लावला होता ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. "नाही. मी बघितलं, तरी ताट ठेवलं," मी म्हटलं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "वय झालं होतं त्यांचं," एवढंच म्हणाली. त्याने माझं काही हलकं झालं नाही.

दफन झाल्यावर कबरस्तानाच्या फाटकाशी सगळे हात धुवायला थांबले. इथे पेला हातातून हातात देत नाहीत, दुःख दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. काकांच्या पुतण्याने, योरामने, तो कठड्यावर उपडा ठेवला. मी उचलला. मग परत खाली ठेवला आणि कोटाच्या खिशातून साबणाची वडी काढली. भेगांना झोंबलं. वीसपर्यंत मोजत हात चोळले. मागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही. मग पेल्याने पाणी घेतलं, एका हातावर तीनदा, दुसऱ्यावर तीनदा.

इथे हात पुसायचे नसतात. तसेच ओले हात घेऊन मी बस पकडली. मोझेसला भरवायचं राहिलं होतं.