करटी आणि काचेचा पेला

मी एक जुनी करवंटी आहे. आमच्या मालवणीत मला करटी म्हणतात. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव चांगला नाही. मी फार जळते.

वालावलच्या खाडीकाठच्या माडाचा एक नारळ फुटला, त्यातली अर्धी मी. परशुरामांनी काचेच्या तुकड्याने मला तासून गुळगुळीत केले, खोबरेल चोळले आणि आपल्या काजूच्या दारूच्या भट्टीवर नेले. तिथे मी एकतीस हंगाम काढले. बोंडांच्या रसाची दारू उतरली की परशुराम ती उंचावरून माझ्यात ओतत, बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघत, वास घेत आणि मग घोटभर चाखत. ते "बरी आसा" म्हणाले की बाटल्या भरायच्या. कुडाळपर्यंतची गिऱ्हाइके त्यांच्या नाकावर विसंबून असत. नाक त्यांचे, पण मान मलाही मिळे.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा चंदन जहाजावरच्या नोकरीतून सुट्टीवर आला. येताना त्याने टकीलाची भारी बाटली आणली, ओकच्या पिंपात सात वर्षे मुरवलेली. म्हणे मेक्सिकोतल्या घायपाताची! घायपात आमच्या कुंपणालाही आहे, त्याचे कधी कोणी कौतुक केले नाही. सोबत लांब दांड्याचे दोन काचेचे पेले. सुनेने, किशोरीने, ते मऊ फडक्याने पुसले. मला मात्र साबणाने खसाखसा घासून फळीवर उपडी घातली. माझा नुसता जळफळाट झाला. फुटोत मेले ते पेले, असे मी मनात म्हणत होते.

"बाबानू, घाई करू नकात," चंदन म्हणाला. "आधी रंग बघा, मगे वास घेवा. काय गावता?"

परशुरामांनी पेल्यात नाक घातले. बराच वेळ घेतला. "बरी आसा."

"बरी म्हणजे? भाजल्या साखरेचो वास येता मा?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मला कोण आनंद झाला! पेला हरला होता. त्यात ते म्हणाले, "ह्या काचेत माका काय समजणा नाय. किशोरी, माझी करटी हाड गो."

किशोरीने मला आणले आणि टकीला माझ्यात ओतली. खरे सांगते, ती सुंदर होती. लाकडाचा आणि भाजल्या साखरेचा वास पडवीभर पसरला. हे कबूल करताना अजून त्रास होतो. परशुरामांनी मला नाकाशी धरले, डोळे मिटले आणि हसले. "हां, आता इलो. काजीचो वास."

माझ्यात काजूचा मागमूसही उरला नव्हता. चंदनने किशोरीकडे पाहिले. ती सासऱ्यांजवळ येऊन बसली.

"मामानू, गेल्या वर्षीच्या तापापासून तुमका वास येणा नाय मा?"

परशुरामांनी मला घाईघाईने खाली ठेवले. माझ्यातली थोडी टकीला त्यांच्या धोतरावर सांडली. "कोणाक सांगा नको गो," ते म्हणाले. "लोक माझ्यार विश्वास ठेवतत."

मला पेला हरायला हवा होता. हरले ते परशुराम.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, मलाही जपा, मी नको म्हणणार नाही. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याला काय होते आहे ते विचारा. गेला सबंध हंगाम परशुराम मला नेहमीपेक्षा जास्त वेळ नाकाशी धरून बसत. मला वाटे, माझ्यावरची माया वाढली. मी नुसती सुखावत राहिले.