दुपारपाळीचा तक्ता

आकडे कधी खोटे बोलत नाहीत. हे सत्य इतके थोर आहे, की ते चौकटीत घालून उपअधीक्षकांच्या खुर्चीमागे टांगावे लागले होते. नुसते सांगून कुणाला पटत नव्हते. चौकट डावीकडे कलली होती. शेजारच्या घड्याळात पावणेचार वाजले होते आणि गेले वर्षभर तेवढेच वाजत होते.

"सदुसष्ट टक्के," उपअधीक्षक म्हणाले. "सिस्टर, सदुसष्ट!"

सिस्टर टेबलासमोर उभ्या होत्या. बसा म्हणायची पद्धत त्या खोलीत नव्हती. पुरुषांच्या मोठ्या वॉर्डात त्या दुपारपाळीच्या प्रमुख होत्या, आणि त्यांच्या हातात आत्ताच दिलेला मेमो होता.

"सर, कशाचे सदुसष्ट?"

"सहा महिन्यांचा तक्ता आहे. लघवीची नळी घातलेले पेशंट. सकाळपाळीत नव्वद जणांना घातली, नऊ जणांना इन्फेक्शन. दहा टक्के. तुमच्याकडे साठात दहा. सोळा पॉइंट सात टक्के. म्हणजे सकाळपेक्षा सदुसष्ट टक्क्यांनी जास्त. कॅल्क्युलेटरवर दोनदा केलंय मी."

"आणि रात्रपाळीत?"

"पन्नासात सहा. रात्रीचं सोडा. हात धुण्यात निष्काळजीपणा, असं लिहिलंय मी."

"सर, वॉर्डातला हात धुवायचा नळ तीन महिने बंद आहे. सात पत्रं दिलीत मी."

"नळ हा बांधकाम विभागाचा विषय आहे," उपअधीक्षक शांतपणे म्हणाले. "हात हा तुमचा."

सिस्टरांनी 'मिळाला' अशी सही केली. पेन कागदातून आरपार गेले आणि खालच्या टेबलावर एक निळा ठिपका उमटला. तेवढाच काय तो निषेध.

वॉर्ड इनचार्जची जागा हवी असेल तर दोन गोष्टी लागत: खात्याची परीक्षा पास आणि मेमोविना फाईल. सिस्टरांची फाईल तेवीस वर्षे धुतल्यासारखी होती. परीक्षेत मात्र त्या दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा संख्याशास्त्राच्या पेपरामुळे. तिसरी संधी शेवटची, आणि ती सहा आठवड्यांवर आली होती. आता फाईलही गेली. पंधरा दिवसांत खुलासा दिला आणि तो समाधानकारक वाटला, तर मेमो मागे घेतला जाणार होता. समाधान अर्थात उपअधीक्षकांचे.

आणि परीक्षेचा क्लास घेत होते तेही उपअधीक्षकच. दर गुरुवारी बारा ते एक, व्याख्यानाच्या खोलीत. त्यांनी कुठलेसे चार आठवड्यांचे प्रशिक्षण केले होते आणि तेव्हापासून ते टक्केवारीशिवाय 'नमस्कार'सुद्धा घेत नसत. हॉस्पिटलात त्यांना पाठीमागे 'टक्केसाहेब' म्हणत. सध्या ते काय-वर्ग, म्हणजे इंग्रजीत काय-स्क्वेअर, चाचणी शिकवत होते. त्या नावावर होण्यासारखे सगळे विनोद पहिल्याच तासाला होऊन गेले होते. "हमखास बारा मार्कांचा प्रश्न," ते म्हणत, आणि फळ्यावर 'हमखास' अधोरेखित करत.

सिस्टरांचा अभ्यास सकाळी सातला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. शिकवायला लेक. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि जगातल्या सगळ्या आयांना एकदाच शिकवून मोकळे व्हावे असा तिचा सूर असे.

"आई, अपेक्षित वारंवारता म्हणजे काय?"

"तेवीस वर्षं राबून जे मिळायला हवं होतं ते."

"आई!"

"बरं बाई. ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज, भागिले एकूण."

"ते सूत्र झालं. अर्थ सांग. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नसता, तर किती आले असते, ते अपेक्षित. प्रत्यक्षात किती आले ते समोर आहे. दोघांतलं अंतर मोजायचं. अंतर थोडं असेल तर तो योगायोग. फार असेल तरच म्हणायचं, पाणी कुठंतरी मुरतंय."

"आमच्याकडे मुरायलासुद्धा पाणी नाही," सिस्टर म्हणाल्या आणि डब्याचे झाकण असे लावले की ते पुन्हा उघडायला पक्कड लागावी.

"झालंय काय तुला? दोन दिवस झाकणं आपटतेयस. आणि गाईडमधलं हे चहा पिणारे पुरुष नि कॉफी पिणाऱ्या बायका, हे तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. खरे आकडे घे कुठले तरी. आहेत का?"

पर्समधून घडी घातलेला मेमो काढून सिस्टरांनी लेकीसमोर टाकला.

लेकीने तो वाचला. पुन्हा वाचला. पेन्सिल घेऊन गाईडच्या मागच्या पानावर तक्ता आखला. तीन पाळ्या, दोन रकाने. एकूण दोनशे पेशंट, पंचवीस इन्फेक्शन. "पाळीचा काही संबंध नसता तर तुझ्याकडे साडेसात झाले असते. झाले दहा. आता बाकीच्या घरांचं तू कर."

सिस्टरांनी केले. दोनदा चुकले, वर्ग करायचा राहिला, तिसऱ्यांदा जमले. बेरीज आली एक पॉइंट अठ्ठेचाळीस.

"आणि किती हवं?"

"पाच पॉइंट नव्व्याण्णव. त्याच्या वर गेलं तरच पाळ्यांत खरा फरक मानायचा. हे तर त्याच्या गुडघ्यालासुद्धा लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या साहेबांना काही कळत नाही."

"ते मला केव्हापासून माहितीये. गणितात काय म्हणायचं ते सांग."

"शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक नाही' हे गृहीतक, नाकारता येत नाही."

सिस्टरांनी ते वाक्य मेमोच्या पाठीवर लिहून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा कुठलेसे सूत्र त्यांना पाठ न करता पाठ झाले.

गुरुवारी त्या पहिल्या बाकावर बसल्या. शेजारी सकाळपाळीच्या सिस्टर होत्या. आपल्या कोऱ्या फाईलबद्दल त्या इतके बोलत, की ती त्यांच्याच कपाटात ठेवलेली असावी असे वाटे. दोघी एकाच बॅचच्या, त्यामुळे एकमेकींना अगंतुगं करत. मागे पस्तीसेक जणी. अर्ध्या जणींचे डोळे उघडे होते.

"सर, एक गणित अडलंय," सिस्टर उठून म्हणाल्या. "मी घातलं तर चालेल?"

"अवश्य! अशी जिज्ञासा हवी."

"एका ऑफिसात तीन खिडक्या आहेत. पहिलीवर नव्वद माणसं आली, नऊ जणांनी तक्रार केली. दुसरीवर साठ, दहा तक्रारी. तिसरीवर पन्नास, सहा."

सकाळपाळीच्या सिस्टरांनी मान वर केली. आकडे त्यांनीही पाहिले होते.

उपअधीक्षक रंगात आले. त्यांनी तक्ता आखला, अपेक्षित आकडे काढले, वजाबाक्या, वर्ग, भागाकार. खडूचा भुगा कोटाच्या बाहीवर सांडला तरी त्यांना शुद्ध नव्हती. माणूस वाईट नव्हता. फळ्यासमोर तर चांगलाच होता. खुर्चीत बसला की बिघडायचा.

"एक पॉइंट अठ्ठेचाळीस! आता बोला. दुसरी खिडकी वाईट आहे, असं म्हणता येईल?"

"टक्के तर जास्त दिसतात, सर," सिस्टर म्हणाल्या. "पहिलीपेक्षा सदुसष्ट टक्क्यांनी."

"हीच ती चूक!" उपअधीक्षकांनी फळ्यावर थाप मारली. "अडाणी माणूस टक्के बघतो आणि बिचाऱ्या खिडकीवरच्या माणसाला झोडपतो. ज्यानं हे केलं असेल ना, त्याला संख्याशास्त्राचा गंधसुद्धा नाही. लिहून घ्या हे."

पस्तीस जणींनी लिहून घेतले. 'गंधसुद्धा नाही'.

सिस्टरांनी पर्समधून मेमो काढला आणि टेबलावर ठेवला. "सर, आकडे आपलेच आहेत. मी फक्त पाळीच्या जागी खिडकी म्हटलं."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यात हसू लपवले. परिचारिकांना ते शिकवावे लागत नाही. उपअधीक्षकांनी मेमो पाहिला, फळा पाहिला. दोन्हीकडे त्यांचेच अक्षर होते.

"डस्टर कुठे आहे?" ते म्हणाले.

डस्टर मिळाला नाही. त्यांनी बाहीने फळा पुसला.

सिस्टरांनी त्याच दुपारी खुलासा दिला. सोबत गणित जोडले. आठवडाभर त्या वॉर्डात ताठ चालल्या. मावशी, म्हणजे वॉर्डातल्या आया, बादलीतले पाणी मगाने त्यांच्या हातांवर ओतताना म्हणाल्यासुद्धा, "सिस्टर, आज हात हलके लागतायत."

आठव्या दिवशी पाकीट आले. एक नव्हे, तीन. तिन्ही पाळ्यांच्या प्रमुखांना, एकाच मजकुराचे.

'संदर्भाधीन खुलाशासोबत जोडलेल्या काय-वर्ग चाचणीनुसार तिन्ही पाळ्यांतील जंतुसंसर्गाच्या प्रमाणात कोणताही लक्षणीय फरक आढळून येत नाही. सबब तिन्ही पाळ्या सारख्याच निष्काळजी असल्याचे सिद्ध होत असून, तिन्ही प्रमुखांना मेमो देण्यात येत आहे.'

सकाळपाळीच्या सिस्टर पाकीट हलवत कपड्यांच्या खोलीत शिरल्या, तेव्हा सिस्टर चादरी मोजत होत्या.

"काय गं, मोठी गणिती लागून गेलीस! तेवीस वर्षं माझी फाईल कोरी होती. कोरी! तुझं तू निस्तरायचंस ना, मला कशाला त्यात ओढलंस?"

"मी ओढलं? अगं, माझ्या नावचा मेमो वाचून तू त्या दिवशी डबा खात होतीस. एक शब्द बोललीस?"

"मी का बोलू? माझे दहाच टक्के होते."

"होते ना? मग नऊ माणसं तुझ्याकडेही तापानं फणफणत होतीच की. त्यांनी काय टक्केवारी बघून फणफणायचं?"

"आता तू मला शिकवू नकोस!"

"नाही शिकवत. पण हात कशानं धुतेस तू, ते सांग."

सकाळपाळीच्या सिस्टर थांबल्या. "मावशी ओततात," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "गर्दी असली की... नाही धुतले जात दरवेळी."

"माझेही नाही," सिस्टर म्हणाल्या.

हे दोघींनी तीन महिन्यांत एकदाही मोठ्याने म्हटले नव्हते. त्या तशाच उभ्या राहिल्या, मध्ये चादरींचा ढीग. मग सकाळपाळीच्या सिस्टर पाकीट खिशात कोंबून निघून गेल्या.

सिस्टरांनी वॉर्डाचे रजिस्टर काढले. नळ कोणत्या तारखेला गेला हे त्यांना शोधावे लागले नाही. पहिल्या पत्राची प्रत होती. त्या तारखेवर रजिस्टरात आडवी रेघ मारली. रेघेच्या वर, नळ चालू असताना, नव्वद पेशंट आणि पाच इन्फेक्शन. रेघेच्या खाली एकशे दहा पेशंट. इन्फेक्शन मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजले. वीस.

या वेळी लेक नव्हती. नव्या मेमोच्या पाठीवर, चादरींच्या ढिगाचे टेबल करून त्यांनी एकटीने चार घरे भरली. दोनच ओळी, दोनच रकाने, म्हणून इथे हवे होते तीन पॉइंट चौऱ्याऐंशी. आले सात पॉइंट दोन.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. उत्तर बरोबर आले होते. पण त्या वीस जणांतल्या चौघांची नावे त्यांना रजिस्टर न बघता आठवत होती, आणि त्यातला एक घरी गेला नव्हता. त्यांनी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडून चादरीत गेले.

दुसरा खुलासा गेला. उत्तरही आले, चारच दिवसांत. हॉस्पिटलाच्या मानाने विजेच्या वेगाने. 'नळासंबंधीचा भाग पुढील कार्यवाहीसाठी बांधकाम विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. मेमोबाबत यथावकाश कळविण्यात येईल.'

परीक्षेत प्रश्न आला. हमखास. 'योग्य उदाहरण घेऊन काय-वर्ग चाचणी स्पष्ट करा. गुण बारा.' सिस्टरांनी गाईडमधले चहा-कॉफीवाले घेतले नाहीत. त्यांनी नळ घेतला. दोनशे पेशंट, पंचवीस इन्फेक्शन, सात पत्रांच्या तारखा, सगळे आकड्यांसह. शेवटी लिहिले, 'सबब शून्य परिकल्पना नाकारण्यात येत आहे.' तेवीस वर्षे 'नाकारण्यात येत आहे' हे शब्द त्यांनी फक्त आपल्या अर्जांवर वाचले होते. लिहायला पहिल्यांदाच मिळाले. त्यांनी खाली दोन रेघा मारल्या.

निकाल महिन्याने लागला. पास. उत्तरपत्रिका बघायला मिळत असे, म्हणून त्या बघायला गेल्या. पाचव्या प्रश्नाला बारापैकी बारा होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी समासात लाल शाईने लिहिले होते, 'काल्पनिक उदाहरण उत्तम.'

पात्र उमेदवारांची यादी बाहेर फलकावर होती. सिस्टरांचे नाव तिसरे. नावापुढे फुली, आणि तळाला फुलीचा अर्थ: मेमो प्रलंबित. पाचवे नाव सकाळपाळीच्या सिस्टरांचे. त्यापुढेही फुली.

दोनला पाळी सुरू झाली. सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नळी घालायची होती. सिस्टरांनी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि बेसिनपाशी हात धरले. मावशी बादली घेऊन आल्या.

"सिस्टर, पास झालात म्हणे!"

"झाले. ओता."

नळाला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला होता. बांधकाम विभागाने तो त्याच सकाळी लावला होता. त्यावर लिहिले होते, 'बंद आहे.'