जाड नळीचा आळ

सरकारी यादीतून बाद ठरलेलं, पोलिसांच्या कमरेला उभं आयुष्य घालवलेलं एक रिव्हॉल्व्हर मी आहे, मित्रांनो. तुम्ही माझं कौतुक करावं अशी माझी इच्छा नाही. ज्या माणसाने मला जपलं, त्याच्या बदनामीला मीच कारण झालो. तेवढं ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी नळी चार इंचांची होती. मुळाशी जाड आणि तोंडाकडे निमुळती होत गेलेली. नळीच्या पोटावर, सहज दिसणार नाही अशा जागी, माझा क्रमांक ठोकलेला होता. लाकडी पेटीतून मी भोपाळला आलो आणि इथल्या एका पोलीस शस्त्रागाराच्या रजिस्टरमध्ये माझ्या क्रमांकापुढे लिहिलं गेलं, 'नळी निमुळती.'

तिथे मला काशिनाथ मुळ्ये भेटले. ते शस्त्रागारात हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर. मूळचे ग्वाल्हेरचे, राहायला अवधपुरीत. हत्यार हातात घेण्याआधी ते हात धुवायचे. तेलाचा बोळा फिरवताना स्वतःशीच मराठीत बोलायचे, कारण शस्त्रागारात त्यांच्याशी मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आम्हाला कधी त्यांनी आदळलं नाही. दसऱ्याला सगळे जण आमच्यावर फुलं वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे. काशिनाथ मात्र वाळलेल्या पाकळ्या आमच्या घोड्याच्या फटीतून चिमट्याने काढत बसायचे.

एका वर्षी गोळीबाराच्या सरावात एक कमजोर काडतूस निघालं. गोळी माझ्या नळीतच अडकली. हवालदाराच्या ते लक्षात आलं नाही. त्याने पुन्हा चाप ओढला. नळी मधोमध फुगली. मी संपलो असं सगळ्यांना वाटलं. पण काशिनाथांनी नळी धरून ठेवणारी आडवी खीळ ठोकून काढली, आटे सोडवले आणि बाद झालेल्या दुसऱ्या एका रिव्हॉल्व्हरची नळी मला बसवली. ती वेगळ्या प्रकारची होती. मुळापासून तोंडापर्यंत एकसारखी जाड. फुगलेली नळी त्यांनी भंगाराच्या पेटीत ठेवली आणि सगळं एका कागदावर लिहून शस्त्रागाराच्या साहेबांकडे नेलं.

"रख दो, चढ़वा देंगे रजिस्टर में," साहेब म्हणाले.

तो कागद रजिस्टरपर्यंत पोहोचलाच नाही.

पुढे अंबरीश पागे नावाचा तरुण फौजदार दोन वर्षं शस्त्रागारात होता. इंदूरचा मराठी मुलगा. काशिनाथांना केवढा आनंद झाला! त्यांनी त्याला हातचं काही न राखता शिकवलं. त्याचे डोळे मिटवून ते माझ्यावरून त्याचा अंगठा फिरवायला लावायचे.

"बारीक होत गेली तर निमुळती, तशीच राहिली तर जाड. हे झालं वरवरचं," ते सांगायचे. "पण जुन्या हत्यारात नळ्या बदललेल्या असतात. म्हणून गोळ्यांचं चाक उघडायचं, काडतुसं ढकलणारी दांडी मागे ओढायची आणि पोटावरचा आकडा वाचायचा. आकडा वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही."

"लक्षात ठेवीन, काका," अंबरीश म्हणायचा.

वर्षं गेली. जुनी रिव्हॉल्व्हरं जमा करून त्या बदल्यात नवी पिस्तुलं घ्यायची, असा हुकूम आला. प्रत्येकाची नळी यादीशी ताडून पाहायला समिती बसली. समितीचे प्रमुख होते तेच साहेब, आता मोठ्या हुद्द्यावर चढलेले. सोबत अंबरीश. काशिनाथांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

माझी पाळी आली. यादीत निमुळती नळी, टेबलावर जाड नळी.

"असली वाली कहाँ गई, मुळ्येजी?" साहेबांनी विचारलं. "बाहर देसी कट्टे बनाने वालों को दे दी?"

"साहब, मैंने लिखकर दिया था. आप ही को दिया था."

"मुझे? रजिस्टर झूठ बोलेगा क्या?"

काशिनाथ अंबरीशकडे वळले. "तू बघ ना. पोटावरचा आकडा बघ. भंगाराची पेटी उघड, मी काढलेली फुगलेली नळी अजून तिथेच असेल."

अंबरीशने मला उचललं. चाक उघडलं, दांडी मागे ओढली. त्याने आकडा वाचला, मित्रांनो! त्या दुसऱ्या, बाद झालेल्या रिव्हॉल्व्हरचा आकडा त्याच्या नजरेसमोर होता. त्याचा अंगठा तिथे क्षणभर थांबला. मग त्याने साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझं चाक बंद केलं आणि मला खाली ठेवलं.

"काका, लिस्ट वरून आली आहे," तो हळूच म्हणाला. "मी काय करू?"

त्याने समितीच्या अहवालावर सही केली. काशिनाथ निलंबित झाले. मला पुरावा म्हणून मोहोरबंद पिशवीत घालून तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथल्या कपाटात मी दोन वर्षं पडून होतो.

अखेर मंजूषा नावाच्या तज्ज्ञ बाईंनी माझी पिशवी फोडली. त्यांनी पहिल्यांदा माझ्या नळीचं पोट पाहिलं. मग शस्त्रागारातून भंगाराची पेटी मागवली आणि त्यातली फुगलेली नळी बाहेर काढली. तिच्या पोटावर माझाच क्रमांक होता.

"इतक्या साध्या गोष्टीसाठी दोन वर्षं?" त्या आपल्या सहकाऱ्याला म्हणाल्या. "हे दहा मिनिटांचं काम होतं."

काशिनाथ निर्दोष ठरले. साहेब तोवर सन्मानाने निवृत्त होऊन गेले होते. पुराव्याचं काम संपल्यामुळे मी शस्त्रागारात परत आलो, आणि काशिनाथांना निर्दोषपणाचं पत्र घ्यायला तिथेच बोलावण्यात आलं. ते आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. ते खूप वाळले होते.

पत्र द्यायला अंबरीशच होता. काशिनाथांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"आळ आला तेव्हा एम. पी. नगरच्या पेपरवाल्यांनी माझा फोटो छापला होता," ते म्हणाले. "हे छापतील का?"

"काका, जुनी बातमी कोण छापणार आता?"

"तुझी कमलिनीकाकू रोज सकाळी पेपर उघडून बघायची, मी सुटलो असं कुठे आलंय का म्हणून. बघत बघतच गेली ती, मागच्या श्रावणात."

अंबरीशचे डोळे भरून आले. तो पाया पडायला वाकला. काशिनाथ दोन पावलं मागे सरले.

"नको, अंबरीश. तुला नळी ओळखता आली नसती, तर मी पाया पडू दिलं असतं."

ते गेले. टेबलावर मी होतो, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी का पाहावं?

आता इतरांबरोबर मलाही भट्टीत वितळवणार आहेत. मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी बऱ्यावाईटाच्या कागदावर सही करायला बसाल. वाचलं असेल, तर वाचलं म्हणा. समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो, वाचलं म्हणा.