चाकाचा आउट

पंचवीस डिसेंबरला सकाळी मी पांढरी साडी नेसून तयार होते, आणि माझा नवरा पार्किंगमध्ये चाकापुढं मांडी घालून बसला होता.

बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तो हा दिवस. लग्न होऊन पिंपळे गुरवला आले तेव्हापासून मी दरवर्षी विहारात जाते. ह्यांना मात्र एकदाही जमलं नाही. कधी शिफ्ट, कधी ओव्हरटाइम. "पुढच्या वर्षी गाडीवर नेतो," हे ऐकून ऐकून माझे कान किटले. यंदा हे चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले, आणि मी भोळसट सगळ्या गल्लीला सांगून बसले की आम्ही गाडीवर येतोय.

गाडी म्हणजे ह्यांची जुनी दोन स्ट्रोकची मोटरसायकल. पोरांचे झाले नाहीत एवढे तिचे लाड. तिची चाकं तारांची, आताच्या गाड्यांसारखी ओतीव नाहीत. ह्यांच्या मनानं घेतलं की मागं बायको बसणार, तर मागच्या चाकाला नव्या तारा टाकाव्यात. माझ्या वजनावर बोट ठेवलं ते ठेवलंच, वर चाकही बिघडवलं. फिरवलं की ते एका बाजूला झोल खायचं. ह्यांच्या भाषेत चाक 'आउट' होतं.

ह्यांचा जन्म गेला नट आवळण्यात. कंपनीत नियम असा, की नट पूर्ण आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची. रेघ मारलेल्या नटाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. घरीही तेच चाललं होतं. एक तार धरायची, चावीनं कचकून आवळायची, रेघ मारायची आणि पुढची घ्यायची. शेवटच्या तारेपर्यंत चाक वाकडं. मग सगळ्या सोडायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

मी माहेरी बाजा विणल्यात. बाजेची दोरी एका बाजूनं पूर्ण ओढली की चौकट तिरकी होते. सगळीकडून थोडी थोडी ओढायची, पुन्हा फेरी मारायची, पुन्हा थोडी ओढायची. ताण सगळ्या दोऱ्यांनी वाटून घेतला की त्याच बारक्या दोरीवर चार माणसं बसतात. चाकाचं याहून वेगळं काय असणार?

"अहो, ती समोरची तार जरा सैल सोडा की."

"तिला रेघ मारलीय."

"मग?"

"रेघ मारली की हात लावायचा न्हाई, सोजर. माझ्या हातचा एक नट कंपनीत परत आला न्हाई कधी."

"ही कंपनी हाय व्हय? चाक डोळ्यासमोर डुलतंय तुमच्या!"

"तुला त्यातलं कळत न्हाई."

पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात गल्लीतल्या लोकांचा टेम्पो निघाला. शेजारची वर्षाली त्यातून ओरडली, "काकू, या, जागा हाय!" मी हसून नको म्हटलं. आदल्या दिवशी एवढा तोरा मिरवला होता, आता कोणत्या तोंडानं चढू?

टेम्पो गेला. ऊन वर आलं. ह्यांनी एक तार इतकी आवळली की ती कट्कन तुटली. मला वाटलं, आता तरी उठतील. ह्यांनी शांतपणे पुडक्यातून नवी तार काढली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी चालले," मी म्हटलं.

ह्यांनी मान वर केली नाही.

बस स्टॉपवर उभीच होती. खिडकीशी बसले आणि मला रडू आलं. दुःखानं नाही, संतापानं. एवढी वर्षं एकटी गेले तेव्हा कधी एकटं वाटलं नव्हतं.

बस सुटता सुटता हे चढले. धापा टाकत होते, हात ऑइलनं काळे, अंगात कालचाच शर्ट. शेजारी येऊन बसले. मी बाहेर बघत राहिले.

मग म्हणाले, "मला वाटलं, गाडी नीट झाल्याबिगर तू माझ्यासंगं येणार न्हाईस."

"एवढी वर्षं गाडी नीटच हुती," मी म्हटलं. "तवा तुमी कुठं हुता?"

ह्यांनी काळे हात पँटीला पुसले, आणि कंडक्टरकडं देहूरोडची दोन तिकिटं मागितली.