झिजलेलं दोनचं बटण

मित्रांनो, माझं वय ओळखायचं असेल तर माझ्या दोनच्या बटणाकडे पाहा. बाकीच्या बटणांवरचे आकडे अजून वाचता येतात. दोन मात्र पार पुसला गेला आहे आणि त्या जागी बोटाची खळी पडली आहे. मी एक जुना बटणांचा फोन आहे. पोर्तुगालमधल्या एका डोंगरावर, वणव्याची टेहळणी करणाऱ्या मनोऱ्यात, मी अकरा उन्हाळे काढले.

हातमोज्यातल्या, घामेजलेल्या, राखेने माखलेल्या बोटांनाही चालावा, म्हणून मला घडवलं. कारखान्यात एका तरण्या मुलीने माझं प्रत्येक बटण तपासलं. तिचा अंगठा चिमणीच्या चोचीसारखा टिपत होता. तिला जमलं ते सगळ्या जगाला जमेल असं धरून त्यांनी मला खोक्यात घातलं.

आमचा मनोरा म्हणजे चार लोखंडी पायांवरची काचेची खोली. मधोमध एक गोल तबकडी. तिच्या कडेवर तीनशे साठ अंश कोरलेले आणि वर एक फिरती पट्टी. धूर दिसला की पट्टी धुरावर रोखायची, अंश वाचायचा आणि माझ्यावर तीन आकडे दाबून पाठवायचे. पायथ्याच्या केंद्रात ते आकडे नकाशावर रेघ होऊन उमटत. पलीकडच्या डोंगरावरच्या मनोऱ्याची रेघ तिला जिथे छेदेल, तिथे बंब धावत. वायरलेसवर बोलताही येई, पण वणव्याच्या दिवशी तिथे दहा जण एकदम बोलत. म्हणून आधी आकडा, मग बोलणं, असा नियमच होता. आमच्या बाजूची पाइनची रानं दोनशे ते दोनशे नव्वद अंशांमध्ये होती. दोनचं बटण झिजलं ते असं.

सकाळची पाळी देओलिंदाची. चाळीस हिवाळे तिने द्राक्षमळ्यात वेली छाटल्या आणि ओल्या फोकांनी बांधल्या होत्या. तिची नजर घारीची. धूर की धूळ, हे ती जेवता जेवता सांगे. केंद्रावर तिचं नाव घेऊन नव्या पोरांना शिकवत. मलाही त्या कौतुकाचा वाटा मिळे.

मग तिची बोटं थरथरू लागली.

त्या जुलैत तिने दोनशे चौदा दाबलं. बोट दोनवर दोनदा आपटलं आणि दोन, दोन, एक, चार असं उमटलं. माझा रकाना तीनच आकडे घेई. चौथा गळाला आणि दोनशे एकवीस गेलं. बंब टेकडीच्या भलत्या बाजूला पोचले आणि कुणाची तरी बुचाच्या झाडांची राई जळून गेली. दहा दिवसांनी पुन्हा तसंच झालं.

केंद्रप्रमुख फ्राझांव साहेब स्वतः मनोरा चढून आले.

"देओलिंदाबाई, तुमच्या डोळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण आकडा चुकला तर धूर न पाहिल्यासारखाच. आणखी एकदा झालं तर तुमच्यासाठी खाली दुसरं काम बघावं लागेल."

"कुठलं?"

"बंबवाल्यांचे गणवेश धुवायचं."

"नवऱ्याचे धुतले तीस वर्षं, साहेब. त्याला अंश लागत नव्हते."

साहेब हसले, पण शब्द मागे घेतला नाही.

दुपारच्या पाळीला आर्मिंदो येई. तो जुना शेळ्या राखणारा. त्याच्या मुलाची देओलिंदा धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे.

"कोमाद्रे, दोष ह्या खापराचा आहे. फेकून दे. काचेच्या पडद्याचा नवा माग."

"काचेचा गेल्या वर्षी उन्हात तापून मेला. विसरलास?"

"मग दोष हाताचा."

"मग हात फेकू?"

मित्रांनो, दोष हाताचा नव्हता आणि माझाही नव्हता. माझ्या सेटिंगमध्ये एक ओळ होती, जी कुणी कधी उघडलीच नव्हती. मला ती ठाऊक होती. पण मला जीभ नाही. जे दाबाल तेवढंच मी बोलतो.

देओलिंदा वाचायला शिकली पन्नाशीत, गावच्या पंचायतीच्या संध्याकाळच्या वर्गात. म्हणून छापील ओळ ती कधी गाळत नसे. "हे मला फुकट मिळालेलं नाही," असं म्हणे. एके दिवशी पाळीवर तिने मक्याची भाकरी बाजूला सारली, मला मांडीवर घेतलं आणि सेटिंग उघडली. ओळीखाली बोट धरून ती पुटपुटत गेली. बटणांचा आवाज. बटणांमागचा दिवा. मग ती ओळ आली: तेच बटण पुन्हा दाबल्यास किती वेळाने मोजावं. समोर शून्य होता. त्या तरण्या अंगठ्याने सोडलेला शून्य.

तिने तो हळूहळू वाढवला. प्रत्येक वेळी कोऱ्या पानावर दोन दाबून पाहिला. अर्ध्या सेकंदाला बोट कितीही थरथरलं तरी एकच दोन उमटला.

"हं," ती म्हणाली आणि भाकरी संपवली.

पण आता खरोखर दोन दोन दाबायचे असले तर मध्ये थांबावं लागे. नाहीतर दुसरा मी गिळून टाकी. तिने त्यावर उपाय काढला. वेल बांधताना फोकाला पीळ द्यायचा आणि टोक खोचायचं, तेवढा वेळ. दोन. "पीळ, खोच." दोन.

आर्मिंदो वैतागला. "हा तुझ्यासारखा म्हातारा झाला. परत आधीसारखा करू का?"

"कर. मग तुझा डबा खिडकीतून खाली जाईल."

पंधरा ऑगस्ट आला. फोन्तेला गावात चर्चमधल्या माउलीच्या सणाची मिरवणूक होती. सगळं गाव रस्त्यावर, घरं उघडी, म्हातारे खुर्च्या टाकून दारात. पूर्वेचा कोरडा वारा सकाळपासून सुटलेला. रस्ता बंद होईल म्हणून आर्मिंदो तासभर आधीच वर आला होता. देओलिंदा खिडकीतून हलली नव्हती.

"ते बघ," ती म्हणाली.

"धूळ असेल. मिरवणुकीची."

"धूळ वर जाताना काळी होत नाही."

फोन्तेलाच्या वरच्या रानात धूर उभा राहिला आणि वाऱ्याने गावाकडे मोडला. तिने पट्टी रोखली. दोनशे सव्वीस.

"दाब लवकर, कोमाद्रे. माझी सून आहे त्या मिरवणुकीत. पोराला घेऊन."

तिने दाबलं. दोन, दोन, सहा. हात थरथरत होता आणि घाईत पीळही राहिला, खोचही राहिली. दुसरा दोन मी गिळला. पडद्यावर सव्वीस उमटलं. तसंच गेलं असतं तर शून्य-सव्वीस म्हणून गेलं असतं आणि बंब डोंगराच्या पाठीकडे धावले असते.

तिचा अंगठा पाठवण्याच्या बटणावर टेकला होता. दाबला असता तर मला पाठवावंच लागलं असतं. एवढा असहाय मी कधीच नव्हतो.

"काय बघतेस? पाठव."

"गप."

तिने अंगठा उचलला. खाली बोट धरून आकडा वाचला, वर्गात शिकली होती तसा. पुसला. आर्मिंदोने माझ्याकडे हात पुढे केला. तिने कोपराने तो बाजूला सारला. वायरलेसवर आवाज वाढत होते.

दोन.

"पीळ," ती म्हणाली. "खोच."

दोन. सहा. पाठव.

मग ती खाली बसली. गावाच्या चर्चची घंटा मिरवणुकीची होती, ती मध्येच बदलून धोक्याची झाली. लोक उलटे फिरताना आम्ही पाहिले. बंब वळणावरून चढले, बरोबर त्या रेघेवर. शेवटच्या मळ्याच्या दगडी बांधाशी आग अडली. अंधार पडायच्या आत वायरलेसवर फ्राझांव साहेबांचा आवाज आला.

"देओलिंदाबाई, रेघ बरोबर पडली."

"मग गणवेश कोण धुणार, साहेब?"

त्या संध्याकाळी तिने माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला. अक्षरं वाकडी, पण एकही गाळलेलं नाही: "बटणांची सेटिंग बदलू नये."

पुढे तिची नोकरी संपली. मनोऱ्यावर नवे फोन आले आणि मी मनोऱ्यातल्याच एका खणात गेलो, दोऱ्याच्या रिळांशेजारी. दोन वर्षं मी उजेड पाहिला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा हात थरथरत असेल आणि कुठलं तरी जुनं यंत्र त्याच्याशी जुळत नसेल. दोघांपैकी कुणालाही अडगळीत टाकण्याआधी शेजारी बसा. सेटिंग उघडा आणि सगळ्या ओळी वाचा, एकही न गाळता. आमच्यासारख्यांना ते सांगता येत नाही. थकलेल्या माणसांनाही नेहमी सांगता येतंच असं नाही.

गेल्या जूनमध्ये खण उघडला. आर्मिंदो होता. त्याचा हातही आता थरथरतो. नव्या फोनवर त्याचे आकडे दुप्पट पडू लागले होते. त्याने मला शर्टाला पुसलं, चार्जिंगला लावलं आणि पाठीवरचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला. सेटिंगला हात लावला नाही.

मग त्याने खळी पडलेल्या बटणावर बोट टेकवलं आणि, जन्मात एक वेल न बांधलेला तो शेळीवाला, हळूच म्हणाला,

"पीळ. खोच."