टिकटिकला तीन ताकिदी

जगातलं सगळं ज्ञान फुकटात लिहून ठेवणारा एक ऑनलाइन विश्वकोश आहे, तिथे मला 'झाडू' म्हणून ओळखतात. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं खोडावं, अशी तिथली उदार व्यवस्था. साहजिकच सगळ्यात आधी येतात ते जाहिरातवाले. चंद्रावरच्या लेखाखाली केसांच्या तेलाचा दुवा, ज्वालामुखीखाली गाद्यांचं दुकान. ही घाण मी नऊ वर्षं बिनपगारी साफ करतोय. मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालो तरी लोकांच्या चुका काढायची खोड जाईना, आणि घरात बायको ऐकून घेईना.

या कामासाठी एक बटण आहे. ते दाबलं की त्या माणसाने लेखात ओळीने केलेले सगळे बदल एका झटक्यात पुसले जातात. काय पुसलं ते वाचावंही लागत नाही. इतकी सोय मला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

गेल्या आठवड्यात 'टिकटिक' नावाचा एक नमुना उगवला. लंबकाच्या घड्याळावरच्या लेखात कुठल्याशा घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचा दुवा. तो लेख मूळचा माझा, त्यामुळे माझ्या डोक्यात जरा जास्तच तिडीक गेली. दुवा उघडून बघण्याइतका वेळ कुणाला आहे? बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी दुवा पुन्हा हजर. असं चार वेळा झालं. मधे पहिली ताकीद, दुसरी, तिसरी. ताकिदींचे मसुदे मीच तयार केलेत. त्यांत 'कृपया' असा घातलाय की माणसाला शिवी परवडावी. तरी गडी ढिम्म. शेवटी मी अर्ज टाकला, या खात्यावर कायमची बंदी घाला. सोमवारी निकाल होता, आणि माझा अर्ज आजवर कधी फेटाळला गेलेला नाही.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "अरे, जरा येतोस का? तुझ्या भाऊजींना काहीतरी टाइप करून हवंय."

दारातच तिने मला बाजूला घेतलं. झटका आल्यापासून भाऊजींचा उजवा हात गेला होता. आठ महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते.

"आत्ता कुठे स्वतःहून उठून, दाढी करून कॉम्प्युटरसमोर बसायला लागलेत. आणि कोण मेला त्यांचं लिहिलेलं रोज खोडतोय. आता खातंच बंद करणार म्हणे. पुन्हा अंथरूण धरलं तर मी काय करू रे?"

मी चपला काढायला जरा जास्तच वेळ लावला. आत भाऊजी वाटच बघत होते.

"लिही," ते म्हणाले. "झाडू नावाच्या गाढवास."

"गाढव काढूया, भाऊजी. नियमात बसत नाही."

"मग नियमात बसेल असं गाढव लिही."

मी टाइप करू लागलो. ते थांबत थांबत, शब्द जुळवत सांगत होते. "दुव्याबरोबर मी एक वाक्य सुधारलं होतं. लेखात लिहिलंय, लंबकाचा गोळा जड केला की घड्याळ मागे पडतं. साफ खोटं. वजनाने काही होत नाही. गोळा खाली सरकवला, लंबक लांब झाला, की मागे पडतं. चार वेळा सुधारलं. चार वेळा त्याने तेच खोटं परत आणून ठेवलं."

माझी बोटं थांबली. ते वाक्य माझं होतं. लंबक हलतो, यापलीकडे मला काही माहीत नसताना मी ते ठोकून दिलं होतं, आणि नऊ वर्षं ते ज्ञान म्हणून नांदत होतं.

"भाऊजी, ते गाढव मीच."

ताई दारात कप घेऊन उभीच राहिली. मला इतकी लाज वाटली की मी उलट त्यांच्यावरच घसरलो.

"पण तुम्ही तरी स्वतःच्या दुकानाची जाहिरात कशाला करायची?"

"जाहिरात कसली? दुकान बंद होऊन आठ महिने झाले." त्यांनी डाव्या हाताने पडद्यावर खालची सूचना दाखवली. "इथे लिहिलंय ना, बदल करताना संदर्भ द्या. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुसरा संदर्भ मी कुठून आणू?"

मी त्यांच्याच कॉम्प्युटरवरून बंदीचा अर्ज मागे घेतला. कारण लिहिलं: चूक माझी, तीही संदर्भाशिवाय. मग त्यांचं वाक्य त्यांच्या खात्यातून परत घातलं. दुवा त्यांनीच गाळायला सांगितला.

"आणि त्या गाढवाचं पत्र?" त्यांनी विचारलं.

"पाठवूया," मी म्हणालो, आणि पाठवलं.

घरी येऊन उत्तर द्यायला बसलो. सवयीने आधी तयार मसुदे उघडले. ताकिदीचे अकरा निघाले. माफीचा एकही नव्हता.