सैल मूठ

मार्गशीर्षातली सकाळ. कळंबा तलावाच्या जलविस्तारावर धुके निजलेले. शुभ्र, संथ, निःशब्द. काठच्या तृणपात्यांवर दवाची दाटी, पूर्वक्षितिजावर केशराची एक क्षीण, लाजरी रेघ. त्या हिमस्निग्ध प्रकाशात हिंदुराव वस्ताद अनवाणी उभे होते, आणि त्यांच्या डाव्या हातात लाकडाची एक चिनी तलवार होती.

चाळीस वर्षे त्यांच्या उजव्या हाती दांडपट्टा नांदला. लवलवणारा, वारा चिरीत घुमणारा, तळहातावरचे लिंबू दुभागूनही तळहाताला न शिवणारा तो पट्टा! मग गेल्या वैशाखात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, वाचा सावरली; उजवा हात मात्र परक्यासारखा अंगाशी लोंबत राहिला. पट्ट्याच्या, मनगट झाकणाऱ्या पोलादी खोबळ्यात तो घातला, की बोटे विझून जात.

शिकवणारी होती रेवती सुतार. पुण्यात एका चिनी गुरूकडे ही खड्गविद्या शिकून आलेली, वयाने वस्तादांच्या लेकीएवढी. दहा वर्षांची असताना ती त्यांच्या तालमीच्या दाराशी आली होती, आणि पोरींचे हे काम नव्हे म्हणून वस्तादांनीच तिला परत धाडले होते. शिकवणी सुरू होऊन महिना झाला, तरी दोघांपैकी कुणीही तो विषय काढला नव्हता.

त्या विद्येची रीतच न्यारी. आरंभी तलवार उजव्या हातात नसतेच. ती डावीकडे, बाहूच्या पाठीशी टेकून, ऊर्ध्वमुख, मौनात उभी. आणि उजव्या हाताने नुसती तिची वाट पाहायची. महिनाभर वस्तादांनी तेवढेच केले. आज तलवार पहिल्यांदा उजव्या हाती यायची होती. आज ती पेलली नाही, तर पुन्हा शस्त्राला शिवायचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. घरात कुणाला सांगितले नव्हते.

दोन्ही हात छातीसमोर आले. उजवा पुढे सरला, आणि चाळीस वर्षांची सवय जागी झाली. मूठ वळवून, मनगट ताठ करून त्यांनी हात पुढे खुपसला. जणू समोर खोबळाच होता. तलवार निसटली, दवात पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा दातओठ खाऊन त्यांनी मूठ आवळली, तर जितकी आवळावी तितकी बोटे उघडत गेली. वस्तादांना फार लाज वाटली.

“आवळू नका, वस्ताद,” रेवती म्हणाली. “अंगठा आन् मधलं बोट, बास. बाकीच्यांना रजा द्या.”

“आवळली न्हाई तर पडंल की गं.”

“पट्ट्याला मनगट बांधून घ्यावं लागतंय. हिला मोकळं लागतंय.”

ते पाण्याकडे बघत राहिले. धुके विरळ होत होते, केशराचे सोने होत होते.

“रेवती,” ते हळूच म्हणाले, “तुला मी दारातनं परत लावलं हुतं. चुकलं माझं.”

“आठवतंय मला.”

स्वरात डंख नव्हता, आणि क्षमाही नव्हती. तिने तलवार उचलली, ओढणीने दव पुसले, आणि गुरूने शिष्याला द्यावी तशी, त्या विद्येच्या रीतीने वाकून, दोन्ही तळव्यांवर आडवी त्यांच्यापुढे धरली. आजवर अख्खी तालीम ज्यांच्या पायाशी वाकली, ते हिंदुराव वस्ताद तिच्याहून खाली वाकले. मग त्यांनी तलवार डाव्या हाती घेतली.

डावा हात छातीसमोर आला. उजवा आला, या वेळी उघडा, रिकामा, काही न मागणारा. अंगठा टेकला. मधले बोट टेकले. डाव्या हाताने हळूच आपला भार सोडला.

हात थरथरला. ती थरथर मुठीत उतरली, मुठीतून पात्यात चढली, पात्यातून टोकाशी गेली. टोकावर टेकलेले कोवळे ऊन थरथरले, थरथरतच राहिले. तलवार पडली नाही.